दप्तर आणि दफ्तर

उर्दू माध्यमाच्या पाचवीच्या वर्गाला मी मराठी शिकवते. दरवर्षी जून-जुलैमध्ये एक शब्द हमखास अडतो. धड्यात 'दप्तर' येतं आणि एखादं पोरगं हात वर करतं, "टीचर, दफ्तर तो ऑफिस कू बोलते ना? फिर बच्चा पीठ पे दफ्तर कैसा लेके गया?" सगळा वर्ग हसतो. मग मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिते आणि सांगते की मूळ शब्द एकच, फारसीतून आलेला. उर्दूत तो कचेरी होऊन खुर्चीवर बसला आणि मराठीत पोरांच्या पाठीवर चढला. पुण्यातलं पेशवे दप्तर म्हणजे मात्र पाठीवरची पिशवी नव्हे, ते जुने कागद आहेत, हेही सांगते.

ही गंमत मी वीस वर्षं सांगत आले. गेल्या तीन-चार वर्षांत ती माझ्याच घरात खरी झाली. माझ्या लेकीचं दफ्तर तिच्या दप्तरात मावतं. एक लॅपटॉप, चार्जर, हेडफोन आणि पाण्याची बाटली. ते पाठीवर टाकून ती जिथे बसेल तिथे तिचं ऑफिस. प्रश्न एवढाच होता की बसायचं कुठे?

आमचं घर सोलापूरच्या जुन्या वस्तीत आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची. माणसं पाच. सासूबाई, आम्ही दोघं, लेक आणि बारावीतला मुलगा. लेक इंजिनिअरिंग झाल्यावर 2022 मध्ये पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. "तू तर माझंच काम करतेस, वह्या तपासतेस," असं मी तिला म्हणायचे. लॉकडाऊनमध्ये पडलेली सवय कंपनीने पुढेही ठेवली होती. घरूनच काम करायचं, तीन महिन्यांतून एकदा पुण्याला तोंड दाखवायचं. आम्ही खूश. मुलगी डोळ्यांसमोर, पगार खात्यात, पुण्याच्या खोलीचं भाडं वाचलं. मोहल्ल्यातल्या बायका मला म्हणायच्या, "नसीबवाली हो, बेटी घर में बैठ के कमाती है."

'घर में बैठ के' या तीन-चार शब्दांत सगळी गडबड आहे, हे मला उशिरा कळलं.

तिच्या कंपनीचं गिऱ्हाईक अमेरिकेत. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. तिकडची घड्याळं हिवाळ्यात एक तास मागे जातात, मग साडेसात. म्हणजे तिची महत्त्वाची मीटिंग नेमकी आमच्या घराच्या सर्वांत गजबजलेल्या वेळेला. मगरिबची अजान, कुकरच्या शिट्ट्या, सासूबाईंची सिरियल, मुलाची ट्यूशनवरून परतायची वेळ. नळाला पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटर, बादल्या, हाका. लेक आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, पलंगाच्या कडेला बसून काम करायची. पाठीमागे भिंतीवर एक चादर टांगलेली, कॅमेऱ्यात कपड्यांची दोरी दिसू नये म्हणून.

एका संध्याकाळी माझी नणंद आणि तिच्या घरचे लग्नाचा रुक्का द्यायला आले. मी नुकतीच शाळेतून येऊन पिठात हात घातलेले. मी लेकीला हाक मारली. ती आली नाही. दुसऱ्यांदा मारली. पडदा बाजूला करून तिने हाताने खूण केली, थांबा. पाहुण्यांसमोर मला ते लागलं. मी मोठ्याने म्हणाले, "इत्ता क्या बड़ा काम है? घर में ही तो है ना! उठ के सलाम भी नहीं होता क्या, चाय रख!"

तिचा माइक चालू होता. त्या वेळी तिचीच बोलायची पाळी होती. पुण्याच्या मॅनेजरने ऐकलं, अमेरिकेतल्या तिघांनी ऐकलं, कुणीतरी हसलं. ती पुढचं वाक्य विसरली.

दोन दिवसांनी मॅनेजरचा निरोप आला. भाषा सभ्य होती. घरातली व्यवस्था नीट करा, जमत नसेल तर पुण्याच्या ऑफिसात रुजू व्हा, महिनाभरात कळवा. पुण्यात राहायचं म्हणजे खोली, मेस, प्रवास. सव्वीस हजारांत मागे काय उरणार? आणि तिचे अब्बा तिला एकटीला पाठवायला तयार नव्हते. नोकरी जाणार हे दिसत होतं.

त्या रात्री ती रडली. मॅनेजरबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मला म्हणाली, "अम्मी, तुम्ही शाळेत असता तेव्हा दादी तुम्हाला चहा ठेवायला सांगतात का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच मी कुणाची सून नसते, कुणाची अम्मी नसते. मी टीचर असते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा उघडून चार बायकांशी बोलते, मुख्याध्यापकांची नक्कल करते, हसते. बी.एड.च्या पदवीने मला पगार दिला हे मला ठाऊक होतं. तिने मला घराबाहेरची एक खुर्चीही दिली, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

मला माझी अम्मा आठवली. अम्मा बिड्या वळायची. सोलापुरात हजारो मुसलमान आणि तेलुगू भाषिक बायकांनी हेच करून मुलं वाढवली. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कात्रीने कापायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळायची आणि दुसऱ्या दिवशी बिड्या मोजून द्यायच्या. मजुरी हजारावर. वर्क फ्रॉम होम हे इंग्रजी नाव नवीन आहे. आमच्या गल्लीत ते काम माझ्या जन्माआधीपासून चालू होतं. त्याचे सगळे गुणदोषही तेच होते. मूल झोळीत, डाळ चुलीवर आणि हात सुपात. सोय खरी, पण कामाची वेळ कधी संपायची नाही. जागा आमची, दिवा आमचा, पाणी आमचं. कारखानदाराची शेड वाचायची. तंबाखूचा वास घरभर, आम्हा मुलांच्या वह्यांनासुद्धा.

एक गोष्ट मात्र अम्माच्या काळी झाली होती. 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. अम्माकडे फोटो चिकटवलेलं ओळखपत्र होतं आणि ते ती कुराणशरीफच्या खालच्या फळीवर, रेशनकार्डासोबत जपून ठेवायची. 'घर में बैठी' बाई काम करते हे त्या कार्डावर सरकारने लिहून दिलं होतं. तिच्याच मुलीने, शिकलेल्या मुलीने, आपल्या लेकीला म्हटलं, 'घर में ही तो है ना.'

अम्मा बिड्या द्यायला जायची तेव्हा मुद्दाम अर्धा तास जास्त थांबायची. तिथे रांगेत बायका भेटायच्या. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं, मजुरी कधी वाढणार याचं, सगळं बोलणं तिथे व्हायचं. अब्बा कुरकुर करायचे की एवढा वेळ कशाला लागतो. आता वाटतं, तो अर्धा तास म्हणजे तिची स्टाफरूम होती.

को-वर्किंगची जागा हा उपाय लेकीने स्वतः शोधला. मला आधी समजेना. "म्हणजे अभ्यासिकेसारखं," ती म्हणाली आणि लगेच कळलं. एमपीएससीची मुलं महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत टेबल घेतात, तसंच हे. फरक इतकाच की इथे बोलायला परवानगी असते. मी थोडं वाचलं. 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने ही कल्पना सुरू केली. त्याला नोकरीतलं बंधन नको होतं, पण ऑफिसातली सोबत हवी होती. त्याने आठवड्यातून दोन दिवसांसाठी एक जागा घेतली, टेबलं मांडली आणि वाट बघत बसला. सुरुवातीला कुणी फिरकलंच नाही. पुढे यातून मोठा धंदा झाला. 2010 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली वीवर्क जगभर पसरली आणि 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या कोर्टातही गेली. इमारत वर्षानुवर्षांच्या कराराने घ्यायची आणि खुर्ची महिन्याच्या बोलीने द्यायची, असा हा व्यवहार. लोक आले नाहीत तरी घरमालकाचं भाडं चुकत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी वर्षभराचे पैसे एकदम भरू नयेत, हा शहाणपणा मी तिथूनच घेतला.

आमच्या शहराच्या नव्या भागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अशी जागा निघाली. मी तिच्यासोबत गेले. खरं सांगते, जिना चढताना पोटात गोळा होता. नवीन वसाहतीत भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर 'आत्ताच दुसऱ्यांना दिलं' हे उत्तर आम्ही दोनदा ऐकलेलं आहे. लेकीच्या डोक्यावर हिजाब, माझ्या अंगावर बुरखा. टेबलामागच्या तरुणाने आधार कार्ड बघितलं, झेरॉक्स ठेवली आणि विचारलं, "खिडकीजवळ हवंय की एसीजवळ?" बस, एवढंच. बाहेर आल्यावर मी लेकीला म्हटलं, "यानं काहीच विचारलं नाही." ती म्हणाली, "अम्मी, त्याला रिकामी खुर्ची भरायचीय." म्हणजे चांगुलपणा होता की धंदा, ठाऊक नाही. पण ती खुर्ची आम्हाला मिळाली आणि जिना उतरताना मला हलकं वाटलं.

आता हिशोब. टेबलाचे महिना चार हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे चार हजार सातशे वीस. शेअर रिक्षाचे पंधराशे. पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा. तिचे अब्बा म्हणाले, "काम कंपनीचं, खुर्चीचं भाडं आपण का द्यायचं?" प्रश्न बरोबरच होता. पुण्यातलं तिचं टेबल कंपनीने वाचवलं, ते इथे आमच्या खिशातून मांडलं गेलं. बिडी कारखान्याच्या शेडसारखंच. मी तिला कंपनीला पत्र लिहायला लावलं, मसुदा मीच तपासला. कंपनीने इंटरनेटचे महिन्याला हजार रुपये मंजूर केले, जागेचे नाही. पण मागितल्याशिवाय तेही मिळाले नसते. घरून काम करणाऱ्या सगळ्यांना सांगते, एकदा लेखी मागा.

फायदे मी डोळ्यांनी बघितले. पहिला, वीज आणि इंटरनेट. आमच्याकडे लाइट गेली की तिचा जीव टांगणीला लागायचा. तिथे जनरेटर आहे. दुसरा, दार. मीटिंगसाठी एक काचेची छोटी खोली तासावर मिळते, तिचं दार आतून लागतं. आमच्या घरात बाथरूम सोडून आतून लागणारं दार नाही. तिसरा, कामाला शेवट आला. घरी ती रात्री अकरापर्यंत लॅपटॉप उघडत-मिटत राहायची. आता बॅग भरली की दिवस संपला. चौथा फायदा माणसांचा. तिच्या शेजारच्या टेबलावर अक्कलकोटकडची एक मुलगी बसते. ती इन्शुरन्सचं काम करते. समोर एक गृहस्थ जीएसटीची रिटर्नं भरतात. कामं वेगळी, पण दुपारचा डबा एकत्र. लेक घरी येऊन त्यांच्या गोष्टी सांगायला लागली, कुणाची तरी नक्कल करायला लागली. मी ओळखलं, हे स्टाफरूमचं हसू आहे.

पण तोटेही सांगायला हवेत, नाहीतर ही त्या जागेची जाहिरात होईल. तिथे नमाजला जागा नाही. उन्हाळ्यात मगरिबची वेळ नेमकी मीटिंगमध्ये येते. ती जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात जानमाज अंथरून दहा मिनिटांत पढते, पण आत कुणी चहा घेत असेल तर तिलाही अवघडल्यासारखं होतं आणि त्यालाही. बायकांसाठी वेगळं टॉयलेट नाही, सगळ्यांना मिळून एकच. रमजानमध्ये तर पंचाईतच झाली. इफ्तारला घरी पोचायचं की मीटिंगला बसायचं? पहिले काही दिवस तिने खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला. मग अक्कलकोटकडच्या मुलीने स्वतःहून कलिंगड कापून आणलं, जीएसटीवाल्या गृहस्थांनी भजी आणली. चांगलं वाटलं, पण घरच्या दस्तरख्वानावरची तिची जागा रिकामी राहायची आणि सासूबाई रोज तिच्या वाटणीची फळं झाकून ठेवायच्या.

शिवाय तिथे आवाज नसतो असं नाही. दुसऱ्यांचे फोन चालू असतात. गिऱ्हाइकाची माहिती स्क्रीनवर असते, तेव्हा मागून जाणारा बघतोय का हे भान ठेवावं लागतं. आणि सर्वांत मोठा अडथळा रात्रीचा. साडेनऊला सुटून मुलगी घरी कशी येणार? यावरून घरात आठवडाभर अबोला होता. शेवटी तिचे अब्बा स्कूटरवर आणायला जाऊ लागले. ज्यांनी सर्वांत जास्त विरोध केला, तेच आता पंधरा मिनिटं आधी पोचतात आणि खाली टपरीवर चहा पीत थांबतात. पण प्रत्येक मुलीच्या घरी स्कूटर घेऊन जाणारं माणूस असेलच असं नाही.

घरून काम करण्याबद्दल एक प्रसिद्ध अभ्यास मी वाचला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवासी कंपनीत तो केला, 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे अडीचशे कर्मचारी पात्र ठरले. ज्यांच्या जन्मतारखेचा आकडा सम त्यांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं, बाकीचे ऑफिसात राहिले. घरून करणाऱ्यांचं काम तेरा टक्क्यांनी वाढलं. सगळीकडे हाच आकडा सांगतात. पण प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी परत ऑफिसात यायचं ठरवलं आणि त्याचं मोठं कारण एकटेपणा होतं. शिवाय तेवढंच काम करूनही घरी बसणाऱ्यांची बढती मागे पडत होती. दृष्टीआड सृष्टी, दुसरं काय! आणि मला थांबवणारी गोष्ट आणखी एक होती. त्या प्रयोगात भाग घेण्यासाठी घरी काम करायला स्वतंत्र जागा असण्याची अट होती, स्वतःची खोली म्हणा. म्हणजे ते तेरा टक्के स्वतःची खोली असलेल्यांचे आहेत. दोन खोल्यांत पाच माणसं असलेलं आमचं घर त्या प्रयोगात बसलंच नसतं.

म्हणून को-वर्किंग चांगलं की वाईट, याचं उत्तर मी एका शब्दात देत नाही. ज्याच्या घरात दार आहे, त्याच्यासाठी ती चैन असेल. ज्याच्या घरात दार नाही, त्याच्यासाठी ती नोकरीची अट आहे. आणि ज्याला अट पुरी करायची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच खिशाला ती सर्वांत जड जाते.

आम्ही चार महिने पूर्ण महिन्याचे पैसे भरले. मग अर्ध्या दिवसांची सवलत निघाली, ती घेतली. आता मोठ्या मीटिंगच्या दिवशी ती तिकडे जाते, बाकीचे दिवस घरी. घरीही बदल केला. लोखंडी कपाट आडवं लावून आतल्या खोलीत एक कोपरा वेगळा काढला. इस्त्रीचं टेबल गेलं, जुन्या बाजारातून खरं टेबल आणलं. साडेसहाला टीव्हीचा आवाज बंद होतो. सासूबाई आता सिरियलमधली माणसं नुसती बघतात आणि म्हणतात, "आवाज के बिना भी समझता है, रोज वहीच तो लड़ते." चहा मुलगा ठेवतो. पहिल्या दिवशी त्याने साखर विसरली, ते आम्ही गोड मानून प्यायलो. नोकरी टिकली आहे, अलहमदुलिल्लाह.

एक विचार मात्र डोक्यातून जात नाही. आमच्या मोहल्ल्यात शादीखाना आहे. लग्नसराई सोडली तर सोमवार ते गुरुवार कुलूप. वर एक हॉल आहे, त्यात पंखे आहेत, खुर्च्यांची चळत आहे. आमच्याच चार गल्ल्यांत घरून काम करणारी सात-आठ मुलं-मुली मला माहीत आहेत. कुणी गच्चीवर बसतं, कुणी जिन्यात, एक मुलगा बंद दुकानात शटर अर्धं ओढून बसतो. त्या हॉलला चांगलं इंटरनेट, इन्व्हर्टर आणि मुलींसाठी एक वेगळी बाजू केली, महिन्याचे पाचशे-सातशे घेतले, तरी खर्च निघेल. नमाजची जागा तर खालीच आहे. रात्री घरी जायचं म्हणजे गल्ली ओलांडायची.

मी ट्रस्टच्या लोकांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, "टीचर, पण ही पोरं तिथे बसून करणार काय?" मी म्हटलं, "काम." ते म्हणाले, "हां हां, पर घर में बैठ के भी तो होता ना?"

मला राग आला नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले होते, तेही माइक चालू असताना. मी त्यांना लेकीची गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. ते म्हणाले, मीटिंगमध्ये विषय काढू. ती मीटिंग अजून झालेली नाही. पुढच्या जुम्म्यानंतर पुन्हा जाणार आहे आणि या वेळी ती सात-आठ मुलं-मुलीही सोबत असतील, आपापलं दफ्तर पाठीवर घेऊन.